गार पाण्याला भिणारं बोट

माणसाचं बोट दुखत असलं तर बोट बघावं, एवढी साधी गोष्ट आहे. पण माझं बोट सोडून लोकांनी माझं बाकी सगळं बघितलं. मान बघितली, रक्त बघितलं, डोकं बघितलं, एकानं तर पत्रिका बघितली. बोट शेवटी बघितलं. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. तरी लिहून ठेवतोय, कारण तोंडानं सांगायला गेलो की समोरचा मधेच म्हणतो, जाऊ द्या आबा, आता बरं झालं नव्हं? आणि मला आणखी राग येतो.

दुखायला लागलं ते डाव्या हाताचं मधलं बोट. सगळं नाही, एकच जागा. नखाखाली, मुळाकडच्या बाजूला, मोहरी ठेवावी एवढी. तिथं काही लागलं की कळ थेट खांद्यात जायची. सदऱ्याचं बटण लावताना लागायची, म्हशीला पाणी पाजताना दावं घासलं तरी लागायची. बाकी बोट बघायला चांगलं. सूज नाही, पू नाही, हाताला गाठ लागत नाही. उन्हात धरून बघितलं तर नखाखाली जरा जांभळट वाटायचं, ते पण बघायची इच्छा असेल त्यालाच.

आमची डाळिंबाची बाग आहे, पळसदेवच्या अंगाला, उजनी धरणाच्या पाण्यालगत. डाळिंबवाल्याचं बोट दुखलं की आमच्याकडं त्याला एकच रोग, काटा. छाटणी करताना उजव्या हातात कात्री आणि डाव्या हातानं फांदी धरायची, त्यामुळं डावा हात कायम काट्यात. काटा मोडून आत राहिलाय असा माणूस घरटी एक सापडेल. मी बोट पुढं केलं की समोरचा नीट बघायच्या आधीच सांगायचा, काटा हाय. मी म्हणायचो, मला काटा मोडल्याचं आठवत नाही. तर म्हणायचे, ह्या वयात तुमाला काय आठवतंय. पहिल्यांदा रुईचा चीक लावून झाला, म्हणजे काटा वर येतो. मग गरम गूळ बांधला. मग एका शहाण्यानं बिब्ब्याचा चटका दिला. त्यानं वरचं कातडं गेलं आणि आतलं होतं तसंच राहिलं. आधी एक दुखणं होतं, त्याची दोन झाली.

मग इंदापूरला एका डॉक्टरकडं गेलो. त्यानं एक्स-रे काढला आणि हाड चांगलं आहे म्हणाला. मी म्हणालो, मग काटा नाही. तो म्हणाला, काटा एक्स-रेत दिसत नसतो, लाकडासारखा असतो. म्हणजे दिसला असता तर काटा, आणि दिसला नाही म्हणून पण काटाच. मी विचारलं, तुमच्या घरी काय पिकतं? त्याच्या घरी पण डाळिंबच निघालं. मी सांगत होतो की दुखतंय नखाखाली, आणि ह्यानं चीर दिली बोटाच्या पोटाकडनं. आत कोरून कोरून शोधलं, काही सापडलं नाही, टाके घातले. शेवटी म्हणाला, काटा आतल्या आत विरघळला असेल. डाळिंबाचा काटा विरघळतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

एका माणसानं काट्याचं नाव काढलं नाही, ती माझी बायको. तिला औषधपाण्यातलं फार कळत होतं असं मी म्हणणार नाही. तिनं माझ्या बोटाला लसणाचं तेल पण चोळलं आणि बोटाची दृष्ट पण काढली, मीठमिरच्या ओवाळून. पण तिचं माझ्याकडं लक्ष असायचं. सकाळी हौदात हात घातला की मी दात दाबतो आणि दुपारी उन्हातनं आलो की मला काही होत नाही, हे ती बघत होती. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली,

"अवं, तुमचं बोट गार पाण्याला भितंय."

तेवढंच म्हणाली. त्या दिवसापासून चुलीच्या कडेला माझ्यासाठी एक पातेलं कायम असायचं. तोंड धुवायला कोमट, जेवून हात धुवायला कोमट. बोटाला तिनं जुन्या लुगड्याच्या काठाचं टोपडं शिवलं, आत कापूस घालून, आणि निसटू नये म्हणून मनगटापर्यंत पट्टी आणि पट्टीला टिच बटण. पारावरची माणसं म्हणायची, आबा, बोटाचं बारसं कधी? मी म्हणायचो, तुमाला बोलवणार न्हाय.

पौषात ती गेली. साधा ताप आहे म्हणता म्हणता गेली. त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

सावडायच्या दिवशी राख घेऊन आम्ही पाण्यावर गेलो. धरण भरलेलं होतं, बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ पाण्याखाली होतं आणि वर धुकं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. हातात काही नको म्हणून टोपडं काढून खिशात ठेवलं होतं. दोन्ही हातांनी राख सोडायची, म्हणून मी मडक्यासकट हात पाण्यात बुडवले, आणि बोटातनं अशी कळ आली की मी मोठ्यानं ओरडलो आणि तसाच पाण्यात बसलो. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. तोपर्यंत मी रडलो नव्हतो. दवाखान्यात नाही, घरी आणली तेव्हा नाही, अग्नी देताना पण नाही. मेव्हण्यानं मला मागनं मिठी मारली.

"रडा दाजी, मोकळं व्हा," म्हणाला.

मी म्हणत होतो, आरं बोट, बोट. तो बाकीच्यांना म्हणाला, पार खुळावल्यात दुःखानं, बोट बोट करत्यात. आणि मला आणखी घट्ट धरलं. माझे हात अजून पाण्यातच.

त्यानंतर गावात माझी फार कीर्ती झाली. एवढी माया कुणाची बघितली नाही, म्हातारा पाण्यात बसून रडला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. बायका मला बघून पदर डोळ्याला लावायच्या. मला ते सहन होत नव्हतं. ते रडणं बोटाचं होतं. तिच्यासाठीचं माझं मी ठेवलं होतं, ते अजून बाहेर आलं नव्हतं, आणि लोक दुसऱ्याच कशाला तरी शाबासकी देऊन मोकळे झाले होते.

आणि खरी पंचाईत इथनं पुढं झाली. आधी काटा होता, आता ती जागा दुःखानं घेतली. बोट दुखतंय म्हटलं की लोक मान हलवायचे आणि आवाज बारीक करायचे. माझा मुलगा लोणी देवकरला कंपनीत आहे, त्याच्या फोनमध्ये सगळ्या जगाची माहिती असते. तो म्हणाला, "आबा, दुःखानं बी अंग दुखतं. मनाचं असतं ते."

"अंग दुखतंय म्हणून कुणी सांगितलं? बोट दुखतंय."

"त्येच म्हणतोय मी."

"त्येच न्हाय ते."

मला बरं व्हायचं होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे पाहिजे होतं की कुणीतरी बोटाला बोट म्हणावं. दोन्ही दुखणी माझीच होती. पण ती एकात कालवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती गेल्याचं दुखणं मला गार पाण्यात हात घालून आणावं लागत नव्हतं. ते उन्हात पण होतं, कोमट पाण्यात पण होतं. हे एवढं साधं मी कुणाला पटवून देऊ शकलो नाही.

मुलानं मला बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं माझ्या बोटाकडं लांबनं बघितलं आणि म्हणाला, कळ खांद्यापर्यंत जाते ना, मग शीर मानेत दबली असणार, मानेचा एमआरआय करा. मी म्हणालो, कळ बोटातनं वर जाते, मानेतनं खाली येत नाही. तो म्हणाला, आजोबा, शिरांचं तुम्हाला कळणार नाही. एमआरआय म्हणजे त्या नळकांड्यात माणसाला आडवा घालतात आणि बाहेरनं ठोकल्यासारखा आवाज करतात. मान निघाली मणक्यात गॅप असलेली. आता जन्मभर डोक्यावर वैरणीचे भारे वाहिलेल्या माणसाच्या मणक्यात गॅप निघणार नाही तर काय निघणार? पण मुलाला बरं वाटलं, काहीतरी सापडलं. मला गळ्यात पट्टा दिला. मी बोट दुखतं म्हणून गळ्यात पट्टा घालून गावात फिरत होतो. लोक विचारायचे, मान कशी हाय? मी म्हणायचो, मान झकास हाय.

पट्ट्यानं गुण आला नाही तेव्हा मनाच्या डॉक्टरकडं नेलं. तो माणूस चांगला होता, माझं सगळं ऐकून घेतलं, फक्त बोट बघितलं नाही. त्याच्या गोळ्यांनी मला झोप लागायची. बोट जागंच असायचं. एका सकाळी थंडीनं जाग आली तर मी झोपेतच बोट तोंडात धरून बसलो होतो, पोरासारखं. त्यानंतर मी घरात बोटाचं बोलणंच सोडलं. कोमट पाणी माझं मी तापवून घ्यायचो, कधी राहून जायचं.

सून मला मामा म्हणते. एक दिवस तिनं फ्रिजमधनं ताक काढून पेला माझ्या डाव्या हातात दिला. मी पेला टाकून दिला, ताक तिच्या अंगावर. मी चुलीकडं बघत बसलो होतो खरा, पण त्या वेळी मला तिच्या सासूची आठवण काढायला सवडच मिळाली नव्हती, पेला हातात आला आणि गेला. सून फरशी पुसता पुसता म्हणाली, "मामा, ह्ये मनाचं न्हाय." मी काही बोललो नाही. मला वाटलं बोललो तर तिचं मत बदलेल.

शेजारच्या मळ्यातल्या एकाचा हात कडबाकुट्टीत सापडला होता. बारामतीच्या एका डॉक्टरीणबाईनं त्याची बोटं परत कामाला लावली. ती बाई फक्त हातच बघते, असं तो म्हणाला. मला पटेना, फक्त हाताचा असा कुठं डॉक्टर असतो का? पण सुनेनं त्याच्याकडनं पत्ता घेतला. मुलगा ड्युटीवर होता, ती मला एसटीनं घेऊन गेली.

बाई माझ्या मुलाच्या वयाची. तिनं मला बायको कधी वारली हे विचारलं नाही. टोपडं काढा म्हणाली, हात टेबलावर ठेवून घेतला आणि टाचणीच्या बोथट टोकानं नखाच्या कडेकडेनं दाबत आली. इथं? नाही. इथं? नाही. मग त्या जागेवर आली आणि मी हात असा ओढला की तिच्या टेबलावरचा दिवा पडला. मला वाटलं आता रागावणार. तिनं दिवा उचलला आणि विचारलं, "गार पाण्यानं वाढतं का हो?"

उत्तर सुनेनं दिलं. म्हणाली, "आमच्या सासूबाई म्हणायच्या, ह्यांचं बोट गार पाण्याला भितंय."

"बरोबर बघितलं होतं त्यांनी," बाई म्हणाली.

मग तिनं रक्तदाब बघायचा पट्टा माझ्या दंडाला बांधला, हात वर धरायला लावला आणि हवा भरत राहिली. हाताचं रक्त उतरलं, पंजा पांढरा पडला. मग तीच टाचणी, तीच जागा. मी डोळे मिटून घेतले होते. काही नाही. दाबतेय हे कळत होतं, पण कळ नाही. मग तिनं हवा सोडली, रक्त खाली आलं आणि पुन्हा टाचणी लावली, तर कळ होती तशी आली.

"परत करा," मी म्हणालो.

"दुखेल परत."

"दुखू द्या. परत करा."

तिनं परत केलं. किती दिवसांनी त्या जागेवर काही नव्हतं. ती पट्टा सोडता सोडता म्हणाली, "आजोबा, मनाचं दुखणं असं दंडाला पट्टा बांधून थांबत नाही. हे बोटातच आहे."

मला त्या वेळी त्या सगळ्यांना एका ओळीत उभं करावं असं वाटलं. चीकवाला, बिब्बेवाला, मानवाला, माझा मुलगा, मेव्हणा. बाईनं सांगितलं की फक्त ह्या एका बोटाचा एमआरआय करायचा, बारीक बारीक काप घेऊन, आणि तसं एमआरआयवाल्यांना फोन करून सांगते म्हणाली. एसटीत बसल्यापासून मी मनात जुळवणी करत होतो, घरी गेल्यावर कसं सांगायचं, आधी दिव्याचं सांगायचं का आधी पट्ट्याचं. फाट्यावर उतरलो तेव्हा ध्यानात आलं की जिला सांगायचं ती नाही. बाकीच्यांना सांगण्यात काही गोडी नव्हती.

एमआरआयला पुन्हा त्याच जागी गेलो. तिथल्या माणसानं मला ओळखलं, म्हणाला, पुन्हा मान का? मी म्हणालो, बोट. त्यानं टोपडं काढायला लावलं. मी म्हणालो, फडकं हाय, फडक्यानं काय हुतंय. त्यानं टिच बटणावर बोट ठेवलं, धातू आत चालत नाही. मी काढलं, सुनेनं मुठीत धरलं. आता त्या खोलीतली थंडी कुणाला सांगावी. मशीनला गारवा लागतो म्हणे. मला पालथं झोपवलं, हात डोक्याच्या पुढं लांब करून, उघडं बोट गार हवेत, आणि म्हणाला, अजिबात हलू नका. बोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाला बोट दुखेल अशा जागी ठेवायचं आणि हलू नको म्हणायचं. मी हललो. चित्र बिघडलं. तो वैतागला, मी त्याच्याहून जास्त वैतागलो. शेवटी सुनेनं काचेवर टकटक केलं आणि सांगितलं, हाताला पांघरूण घाला. त्यानं सुती कापडाचे चार वेढे दिले. मग जमलं.

डॉक्टरीणबाईनं चित्र दाखवलं. काकडी उभी चिरावी तसं माझं बोट, आणि नखाखाली एक पांढरा ठिपका. एवढा स्पष्ट की पोरानं बोट ठेवून दाखवावा. ती म्हणाली, थंडीत-उन्हात बोटाचं रक्त कमीजास्त करायला बारीक नळ्यांच्या गुठळ्या सगळ्यांनाच असतात. त्यातली एक तुमची वाढलीय. ग्लोमस का काहीतरी नाव सांगितलं. क्वचित कुणाला होते, म्हणून लवकर कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेक साधीच असते, पण काढून तपासायला पाठवू, तोपर्यंत मी शंभर टक्के सांगणार नाही, म्हणाली. ते मला आवडलं. आधीच्या सगळ्यांनी शंभर टक्के सांगितलं होतं.

गावात गाठ हा शब्द पोचला आणि लोकांनी दुःख सोडून कॅन्सर धरला. मेव्हणा रडवेला होऊन आला, दाजी, बोट तोडत्यात म्हणं. मी म्हणालो, तुजं तोडत्यात, जा.

बोट बधिर करून, नख उचलून, तिनं गाठ काढली. मी जागाच होतो. बाटलीत घालून दाखवली, शिजलेल्या साबुदाण्याएवढी, तशीच काचेसारखी, जरा लालसर. एवढ्या साबुदाण्यासाठी माझ्या गळ्यात पट्टा बांधला होता. तपासून आली, साधी निघाली. टाक्यांचं दुखलं ते दुखलं, पण आतली कळ त्याच दिवशी गेली. नख सावकाश आलं, जरा वाकडं.

वाटलं होतं, आता तरी लोक बोट आणि बाकीचं वेगळं करतील. उलटंच झालं. बोटात दुःख बसलंय असं सगळ्यांनी एकदा ठरवलं होतं, त्यामुळं बोट बरं झालं तसं त्यांच्या हिशोबानं मी पण बरा झालो. सुटलं बिचारं म्हातारं, म्हणाले. पारावर माझी थट्टा पुन्हा सुरू झाली. मुलानं तिची ट्रंक माळ्यावर टाकायला काढली, अडगळ होते म्हणाला.

"गाठ काढलीय माजी," मी म्हणालो. "तुजी आई न्हाय काढली. ठेव ती खाली."

त्यानं ठेवली. पण त्याला कळलं असं वाटलं नाही.

पौषात वर्षश्राद्ध आलं. त्याच जागी पिंड सोडायला पाण्यावर गेलो, ह्या वेळी घरची सगळी होती. धुकं तसंच होतं. मी पाण्यात उतरलो, सवयीनं दात दाबले आणि हात बुडवले. बोट काही बोललं नाही. पाणी नुसतं गार होतं, कुणालाही लागेल एवढं. मी थांबलो, कळ आता येईल, मग येईल म्हणून. आली नाही. पिंड वाहत लांब गेले आणि मी तसाच हात पाण्यात धरून वाकलेला. आणि मग जे वर्षभर यायचं राहिलं होतं ते आलं. ओरडलो नाही. आवाजच नव्हता त्याला.

मेव्हणा काठावरनं पुढं सरकायला लागला, हे मला दिसलं. त्याच्या आधी सून पाण्याच्या कडेला आली.

"मामा, बोट दुखतंय का परत?"

सगळे बघत होते. नाही म्हणालो असतो तर मेव्हण्यानं मिठी मारली असती, गावानं पुन्हा शाबासकी दिली असती.

"व्हय," मी म्हणालो. "जरासं."

तिनं बोटाकडं बघितलं नाही. मेव्हण्याला म्हणाली, काय न्हाय, बोट दुखतंय त्यांचं, आणि ती पुढं घरी निघून गेली. मेव्हणा तिथंच थांबला. मी सावकाश माझं आवरलं आणि बाहेर आलो.

घरी आलो तर चुलीच्या कडेला पातेलं होतं. मी त्यात हात धुतले.